घरचा सर्व्हर आणि वाड्याची देवडी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा उद्योग झाला. त्यांत आम्हांस पुष्कळ नवें शिकावयास मिळालें, आणि एके सकाळीं चांगलीच भीतिही वाटली. घरांतील जुन्या संगणकास सर्व्हर करावयाचें आणि तो इंटरनेटवरून जगांत कोठूनही दिसेल असें करावयाचें, हाच तो उद्योग. हल्लीं पुष्कळ मुलांस ही हौस असते आणि पुष्कळ आईबापांस तिची धास्ती असते. दोघांच्याही उपयोगीं पडावी म्हणून ती हकीकत येथें क्रमवार देत आहों.

आमचे आजोबा जावळी तालुक्यांतील एका खेड्यांत शाळामास्तर होते. शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक बसविलेला होता. रोज सकाळीं त्यांतील पाणी मोजावयाचें व आंकडा वहींत टिपावयाचा, हा नेम त्यांनीं ३१ वर्षें चालविला. आंकड्याच्या शेजारीं ते एखादी ओळही लिहीत: ओढ्यास पूर येऊन वाट बंद, भातलावणी आटोपली, मृग कोरडा गेला. त्यांच्या मागें या वह्या ट्रंकेंत पडून होत्या. सुटींत आलेल्या आमच्या भाच्यानें त्या बाहेर काढिल्या आणि एकेका पानाचें छायाचित्र घेतलें. त्याची मावसबहीण कॅनडांत पर्जन्यमानाचा अभ्यास करिते. तिला हीं पानें पाहावयाचीं होतीं. शिवाय असे आंकडे तिच्याप्रमाणें आणखी कोणाच्याही उपयोगीं पडण्यासारखे.

"मामा," भाचा म्हणाला, "माळ्यावरचा जुना संगणक चालतो ना? त्यावरच हीं पानें ठेवूं. मग ताईनें तिकडे पत्ता लिहिला कीं वही उघडली!"

"आणि ती तिकडून आपल्या माळ्यापर्यंत येणार कशी?" आम्हीं विचारिलें.

"तेंच तर करावयाचें आहे," तो हंसून म्हणाला.

सर्व्हर हा शब्द ऐकतांच मोठमोठ्या थंड दालनांतील यंत्रांच्या रांगा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु सर्व्हर हें यंत्राच्या आकाराचें नांव नव्हे, त्याच्या कामाचें नांव आहे. ग्रंथपाल जसा चिठ्ठी पाहून कपाटांतील पुस्तक काढून देतो, तसा जो मागणाऱ्यास मागितलेलें पान काढून देतो तो वेब सर्व्हर. १९८९ सालीं स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं वेबची कल्पना मांडिली, आणि १९९० सालच्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर नेक्स्ट कंपनीच्या एका मेजावरील संगणकावर चालूं लागला. कोणी तो नकळत बंद करूं नये म्हणून त्यावर लाल शाईनें लिहिलेली सूचना चिकटविलेली होती. हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नका, असा तिचा आशय होता. २०१२ सालीं इंग्लंडांत मुलांच्या शिक्षणासाठीं निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही हें काम करूं शकतो. आम्हीं जुन्या संगणकावर लिनक्स घातलें, त्यावर अपाचे हा विनामूल्य प्रोग्राम बसविला, आणि संध्याकाळपर्यंत घरांतील प्रत्येक मोबाइलवर आजोबांच्या वह्या दिसूं लागल्या.

परंतु त्या घरांतच दिसत. उंबऱ्याबाहेर गेलें कीं कांहीं नाहीं. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं पत्त्यांचा विचार केला पाहिजे.

इंटरनेटवर एका यंत्रानें दुसऱ्यास कांहीं पाठवावयाचें तर त्या दुसऱ्यास पत्ता पाहिजे. १९८१ सालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें हा पत्ता शून्य व एक अशा ३२ अंकांचा असतो, आणि वाचण्याच्या सोयीसाठीं तो चार आंकड्यांत लिहितात. असे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ होतात. त्या काळीं हा आंकडा अफाट वाटला. पुढें जगांत संगणक वाढले, मग मोबाइल आले, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती कोठारांतील पत्त्यांचे शेवटचे गट पांच विभागीय संस्थांस वांटून संपले. ही टंचाई पुष्कळ आधींच दिसूं लागली होती. म्हणून १९९६ सालच्या ठरावानें कांहीं पत्ते केवळ खासगी वापरासाठीं राखून ठेविले गेले. १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते त्यांपैकींच होत. ते जगांत लक्षावधि घरांत एकाच वेळीं वापरले जातात; म्हणून बाहेरच्या रस्त्यावर त्यांस कांहीं अर्थ उरत नाहीं.

ज्यांनीं पुण्यातील किंवा वाईतील जुना वाडा पाहिला असेल त्यांस ही व्यवस्था लगेच समजेल. वाड्यांत बिऱ्हाडें अनेक, पण रस्त्यावर दार एकच. आणि त्या दाराशीं देवडी, देवडींत पहारेकरी. आपल्या घरांतील राउटर म्हणजे हा पहारेकरी. रस्त्यावर जो पत्ता दिसतो तो वाड्याचा; आंतील बिऱ्हाडांचे क्रमांक फक्त पहारेकऱ्यास ठाऊक. तुम्ही मोबाइलवर एखादें पान मागितलें म्हणजे तो मागणी वाड्याच्या पत्त्यानें बाहेर पाठवितो, कोणत्या बिऱ्हाडानें काय मागितलें तें टिपून ठेवितो, आणि उत्तर आलें कीं टिपण पाहून योग्य जागीं पोंचतें करितो. पण कोणी परका आपण होऊन दाराशीं आला आणि "वह्या पाहावयाच्या आहेत" म्हणाला, तर त्याच्याजवळ तसें टिपण नसतें. म्हणून तो त्यास परत धाडितो. आमच्या ताईचें हेंच होत होतें.

यावर उपाय असा कीं पहारेकऱ्यास आगाऊ हुकूम देऊन ठेवावयाचा. प्रत्येक यंत्रास ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांच्या खिडक्या असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. पूर्वीं पोस्टांत मनीऑर्डरची खिडकी वेगळी आणि रजिस्टरची वेगळी असे, तसाच हा प्रकार. वेबच्या साध्या पानांसाठीं ८० क्रमांकाची खिडकी, आणि कुलूपबंद पानांसाठीं ४४३ ची. राउटरच्या व्यवस्थेच्या पानावर जाऊन असें लिहावयाचें कीं, ४४३ च्या खिडकीवर जो येईल त्यास माळ्यावरील यंत्राकडे धाडावें. यासच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. मात्र त्याआधीं एक काम अवश्य केलें पाहिजे. राउटर घरांतील यंत्रांस पत्ते वाटतो ते कायमचे नसतात. आज जो पत्ता सर्व्हरचा तो उद्यां दूरदर्शनसंचाचा होऊं शकतो. म्हणून सर्व्हरसाठीं एक पत्ता राखून ठेवावा. हें विसरलें कीं आठवड्याभरानें पाहुणे भलत्याच बिऱ्हाडीं जातात.

आम्हीं हें सर्व केलें, तरी ताईस पान दिसेना. दोन दिवस आम्ही डोकें खाजवीत बसलों. चिडून आम्हीं राउटरमधील आणखी एक कळ फिरविली: बाहेरून कोणत्याही खिडकीवर कोणीही आला तरी त्यास सर्व्हरकडेच धाडावें, अशी ती सोय होती. त्यानेंही कांहीं साधलें नाहीं. ही कळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

अडचण निराळीच होती. पत्त्यांच्या टंचाईमुळें कित्येक इंटरनेट कंपन्या आतां प्रत्येक घरास रस्त्यावरचा पत्ता देतच नाहींत. शेंकडों घरांस मिळून एक पत्ता देतात. म्हणजे आमचा वाडा हा स्वतःच एका तटबंदीच्या पेठेंत होता, आणि पेठेच्या वेशीवर कंपनीचा पहारेकरी होता. आमच्या देवडीवरचा पहारेकरी आमचें ऐकतो. वेशीवरचा आमचें कां ऐकेल? हें ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटर आपला बाहेरचा पत्ता काय दाखवितो तें पाहावें, आणि तुम्ही कोणत्या पत्त्यावरून आलांत हें सांगणारीं जीं संकेतस्थळें आहेत त्यांपैकीं एकावर जाऊन तो ताडून पाहावा. दोन्ही जुळले नाहींत तर आपण वेशीच्या आंत आहों असें समजावें. राउटर दाखवील तो पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं सुरू होत असेल तर शंकाच नको. ते पत्ते २०१२ सालीं याच कामासाठीं राखले गेले.

मग करावें काय? वाटा तीन आहेत. पहिली, कंपनीकडून निराळें शुल्क भरून स्वतःचा पत्ता मागणें. दुसरी, आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा आश्रय करणें. तींत पत्ता १२८ अंकांचा असल्यानें टंचाईचा प्रश्न नाहीं; घरांतील प्रत्येक यंत्रास जगभर चालणारा पत्ता मिळूं शकतो. येथेंही राउटर परक्यास अडवितोच, म्हणून परवानगी द्यावी लागते. आणि पाहुण्याच्या बाजूसही हीच आवृत्ति असावी लागते. तिसरी वाट बोगद्याची. वेशीबाहेर ज्यास स्वतःचा पत्ता आहे असें एक लहानसें यंत्र भाड्यानें घ्यावयाचें, आणि घरच्या सर्व्हरनें आपण होऊन त्याशीं संबंध जोडून तो कायम राखावयाचा. आंतून बाहेर जाणाऱ्यास कोणताच पहारेकरी अडवीत नाहीं, हें वर आलेंच आहे. पाहुणे त्या बाहेरच्या यंत्राकडे येतात आणि त्यांची मागणी बोगद्यानें घरीं पोंचते. मात्र पानांचें कुलूप त्या मधल्या यंत्रावरच उघडत असेल, तर त्याचा मालक सर्व कांहीं वाचूं शकतो, हें विसरूं नये.

आम्हीं पहिली वाट धरिली. आठवड्याभरानें कंपनीनें पत्ता दिला. एक सूचना येथेंच करून ठेवितों. आपलें पान बाहेरून दिसतें कीं नाहीं हें घरच्या वायफायवरून पाहूं नये. आंतून निघून, बाहेरचा पत्ता घेऊन पुन्हा आंत येणारा प्रवासी कित्येक राउटरांस पेलत नाहीं, आणि सर्व ठीक असूनही बिघाड आहे असें वाटतें. मोबाइलचें वायफाय बंद करून मोबाइल कंपनीच्या इंटरनेटवरून पाहावें. भाचा अंगणांत जाऊन पाहून आला तो ओरडतच: "दिसलें, मामा!"

आतां नांव पाहिजे, कारण आंकडे कोण लक्षांत ठेवणार? नांवावरून पत्ता शोधून देणारी जी जगभरची व्यवस्था, तिचा आराखडा १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं मांडला. इंग्रजी अक्षरेंच पाहिजेत असेंही आतां राहिलेलें नाहीं, देवनागरींत '.भारत' हा शेवट असलेलीं नांवें २०१४ सालापासून मिळतात. कांहीं घरांचा पत्ता राउटर बंदचालू होतांच बदलतो. तेथें सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम ठेवितात, आणि पत्ता बदलला कीं तो नांवांच्या वहींत नवा पत्ता लिहवितो. नांव मिळालें कीं कुलूप घालावें. कुलूपबंद पानांस जें प्रमाणपत्र लागतें तें पूर्वीं बहुधा पैसे देऊन घ्यावें लागे. २०१५ सालापासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तें विनामूल्य देते. त्याची मुदत तीन महिन्यांहून अधिक नसते. म्हणून तें आपोआप नवें होईल अशी तजवीज प्रथमच करावी.

त्या रात्रीं ताईनें तिकडे पहिली वही उघडली आणि आम्ही सर्व समाधानानें झोंपलों.

सकाळीं भाचा सर्व्हरची नोंदवही वाचूं लागला आणि त्याचा चेहरा उतरला. रात्रभरांत शेंकडों परके येऊन गेले होते. कोणी व्यवस्थापकाच्या नांवानें परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहिले होते; कोणी आमच्याकडे नसलेलींच पानें मागितलीं होतीं. हे सर्व आमच्या ४४३ च्या खिडकीवर नव्हे, भलत्याच खिडक्यांवर कसे पोंचले? तेव्हां आम्हांस ती कळ आठवली. चिडून फिरविलेली कळ आम्ही पुन्हा जागेवर आणावयाचें विसरलों होतों. वेशीवर अडथळा होता तोंवर तिच्यानें कांहीं बिघडलें नव्हतें. स्वतःचा पत्ता मिळतांच वाड्याचें अख्खें दार सताड उघडें पडलें. आणि त्याच संगणकावर घरांतील सर्वांस सोयीचा म्हणून एक कप्पा बिनकुलपाचा ठेविलेला होता. त्यांत घराचें खरेदीखत, बँकेचे कागद, सर्वांच्या आधारपत्रांच्या प्रती, सारें कांहीं होतें.

आम्हीं तत्काळ राउटरची तार काढिली. नोंदवहींत त्या कप्प्याच्या दाराशीं कोणी दोनदां येऊन गेल्याचें दिसत होतें; कागद उचलल्याची नोंद नव्हती. पण नोंद नाहीं म्हणजे घडलें नाहीं, असें छातीठोकपणें कोण सांगणार? कागद दुसरीकडे हलविले, संगणक पुसून सर्व प्रणाली नव्यानें घातली, सगळे परवलीचे शब्द बदलले, आणि बँकेंत जाऊन सांगून आलों. घरांतील वडील मंडळींपुढें चूक कबूल करितांना आम्हांस, पन्नाशी उलटलेल्या माणसास, फार शरम वाटली. भाच्याचा यांत दोष नव्हता. घाईचा हात आमचा होता.

एका रात्रींत आमचा सुगावा इतक्या जणांस लागला कसा, असें वाचक विचारतील. आमच्यावर कोणाचा डोळा नव्हता. २०१३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक साधन तयार केलें. त्यानें जुन्या आवृत्तीच्या जगांतील सर्व पत्त्यांची एकेक खिडकी ४५ मिनिटांच्या आंत ठोठावून पाहतां येते. तें अभ्यासासाठीं होतें. पण जें अभ्यासकास साधतें तें चोरासही साधतें. हे रात्रींचे परके माणसें नसतातच. दारोदार फिरून कडी लावली आहे कीं नाहीं हें चांचपणारे तें प्रोग्राम असतात. २०१६ सालीं मिराई नांवाच्या अशाच एका प्रोग्रामानें कारखान्यांतून आलेले सुमारे साठ ठराविक परवलीचे शब्द लावून घराघरांतील लक्षावधि कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं अशा यंत्रांचा एकदम मारा करून नांवांची व्यवस्था पाहणारी डाइन ही कंपनी बेजार करण्यांत आली, आणि कित्येक नामांकित संकेतस्थळें तासन्‌तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे यांत वापरले गेले त्यांस पुष्कळदां त्याची वार्ताही नसेल. आपलें दार उघडें टाकलें तर हानि केवळ आपली होत नाहीं. आपल्याच घरांतून दुसऱ्यांवर दगड फेंकले जातात.

म्हणून पुढील गोष्टी मनांत पक्क्या कराव्या. जितकी खिडकी लागते तितकीच उघडावी. सर्व्हरवर जगास दाखवावयाचें तेवढेंच ठेवावें. घरचे कागद त्या यंत्रावर असूंच नयेत. कारखान्याचा परवलीचा शब्द पहिल्या दिवशींच बदलावा. प्रणालीच्या सुधारणा वेळचे वेळीं घ्याव्या. वह्यांची एक प्रत निराळ्या जागीं असावी. नोंदवही आठवड्यांतून एकदां तरी वाचावी. वस्तु केवळ कुटुंबापुरतीच दाखवावयाची असेल, तर जगास दार उघडूंच नये. वायरगार्डसारख्या साधनानें फक्त आपल्या माणसांपुरती गुप्त वाट करितां येते. कांहीं कंपन्या घरच्या जोडणीवर सर्व्हर ठेवूं देत नाहींत. त्यांचा करारही आधीं वाचून पाहावा.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें हें मागितलें तर नाहीं म्हणूं नका, जवळ बसा. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. तेव्हांपासून आपण बहुतेक सर्व जण तेथें पाहुणे म्हणूनच वावरत आलों. दुसऱ्यांच्या घरीं जाऊन पाहावें, बोलावें आणि परतावें. आपलेंही एक घर तेथें असावें आणि तेथें जगानें यावें, ही इच्छा चांगली आहे. तिच्याबरोबर यजमानाचें आणि पहारेकऱ्याचें, अशीं दोन्ही कामें येतात, इतकेंच मुलांस कळलें पाहिजे.

आमचा सर्व्हर त्यानंतर पंधरा दिवसांनीं पुन्हा सुरू झाला. या वेळीं एकच खिडकी उघडी ठेवून. वीज गेली म्हणजे तो बंद पडतो, आणि आमची जोडणी बाहेर पाठविण्यास मंद असल्यानें पानें सावकाश उघडतात, पण उघडतात. गेल्या महिन्यांत ताईचा निरोप आला. आषाढांतील एका दिवशीं आंकड्याशेजारीं आजोबांनीं लिहिलें आहे, "बाळास ताप, मोजणी दुपारीं." तो आंकडा इतरांबरोबर धरावा कीं वगळावा, असें तिनें विचारिलें होतें. तें बाळ म्हणजे आमचे वडील. आम्हीं ती ओळ त्यांस वाचून दाखविली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तिला लिही, आंकडा खरा आहे. उशीर झाला तरी ते मोजल्याशिवाय राहिले नसतील."